चित्रात काय नाही?

१

नागपुरात मे महिन्यात शहाणा माणूस भर दुपारी घराबाहेर पडत नाही, आणि वेडा पडलाच तर निदान चित्रं बघायला जात नाही. अरुंधतीला हे चांगलं ठाऊक होतं. तरी ती रोज तोंडाला दुपट्टा बांधून स्कूटीवरून सदरला यायची. तिथल्या एका जुन्या कौलारू बंगल्यात एका हौशी व्यापाऱ्यानं जमवलेल्या चित्रांचं संग्रहालय होतं. आल्या-आल्या ती पेलाभर पाणी प्यायची आणि जी काय चार टाळकी आली असतील त्यांना चित्रं दाखवायला निघायची. चारांतली दोन एसीसाठीच आलेली असत. तिला त्याचा राग नव्हता. गारव्याला आलेला माणूससुद्धा भिंतीकडं बघतोच, असं तिचं म्हणणं.

शेवटच्या दालनात तिचं आवडतं चित्र होतं. कागदावरचं रंगीत स्क्रीनप्रिंट. लग्नपत्रिका छापतात तीच रीत: ताणलेल्या जाळीवर नको तो भाग झाकायचा आणि उघड्या भागातून रंग खाली कागदावर ओढायचा. दर रंगाला वेगळी जाळी, एक वाळला की दुसरा. बळीराम सोनकुसरे नावाच्या चित्रकारानं ह्या रीतीनं एक साधी खोली छापली होती. हळदीच्या रंगाच्या भिंती, गेरूची जमीन, डाव्या भिंतीत एक निळी बंद खिडकी. आणि जमिनीच्या मधोमध एक गोल जागा, जिथं कुठल्याच जाळीतून कुठलाच रंग उतरू दिला नव्हता. तिथं नुसता कोरा कागद होता. चित्राचं नाव होतं ‘जमिनीवर घट नाही’.

"आपलं न्यायदर्शन काय म्हणतं," अरुंधती सांगायची, "की एखादी वस्तू नसणं हीसुद्धा खरीखुरी गोष्ट आहे. रिकामी जमीन बघताना आपण घटाचं नसणं डोळ्यांनी बघतो. फक्त त्यासाठी घट आधी आठवावा लागतो. ज्याला घट ठाऊकच नाही, त्याला तो नाही हेही दिसत नाही."

लोक माना डोलवायचे. मग ती तिचा खेळ काढायची. "बरं, आता मला सांगा, ह्या चित्रात आणखी काय काय नाही?"

हा खेळ मूळचा तिचा नव्हे. तिच्याआधी चित्रं दाखवायचं काम मधुकरराव करत, ती तेव्हा आत कार्यालयात असे. खेळ त्यांचा. निवृत्त होताना मात्र त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "त्या चित्रापाशी काही विचारत नका जाऊ. सांगाचं अन् पुढं जाचं." म्हाताऱ्या माणसाला आपली चीज दुसऱ्याच्या हाती जाताना जड जातं, असं समजून तिनं ते सोडून दिलं.

त्या दिवशी एक निवृत्त हेडमास्तर आले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून चित्र न्याहाळलं. "मॅडम, हा उजव्या कोपऱ्यात पांढरा डाग कसला?"

"उजेड आहे तो. जमिनीवर पडलेला."

"खिडकी तं बंद दिसून राहिली. उजेड कुठून आला?"

"चित्रकाराचं स्वातंत्र्य, सर," ती हसून म्हणाली. मग तिनं खेळ काढला, आणि हेडमास्तरांनी शाळेच्या सवयीनं उत्तर दिलं, "घड्याळ नाही."

२

त्रिमूर्ती नगरातल्या फ्लॅटवर पोचली तेव्हा श्रीधर, तिचा नवरा, बँकेतून येऊन बनियनवर बसला होता आणि सात वर्षांची अबोली कलिंगडाच्या बिया मोजत होती. अरुंधतीनं पोळ्या लाटल्या, भात लावला आणि ताटं घेतली.

"चार?" श्रीधर म्हणाला. "कोणी येणार आहे का?"

हा त्यांच्या घरातला रोजचा विनोद. घरात माणसं तीन, पण अरुंधतीचा हात ताटं काढताना हटकून चार काढायचा. माहेर भरल्या घराचं, हात वळलाय, असं ती म्हणायची आणि चौथं ताट परत फडताळात ठेवायची. श्रीधरला हा विनोद कधी शिळा व्हायचा नाही.

"किती वाजले?" असं म्हणत त्यानं मान वर करून भिंतीकडं पाहिलं. मग मोबाईल पाहिला.

अरुंधतीनंही वर पाहिलं. भिंतीवर खिळा होता.

"घड्याळ काढलंस का तू?"

"कोणतं घड्याळ?"

"मामांनी लग्नात दिलेलं. सोनेरी काट्यांचं."

"मामांनी कुकर दिला होता. शिट्टी न वाजणारा. तुझ्या मामांना मी जन्मात विसरणार नाही." तो हसला. "ऊन लागलं काय तुला? आपल्या घरात भिंतीवर घड्याळ कधी होतं?"

ती स्टुलावर चढली. खिळ्याभोवती भिंतीचा रंग ताजा, गोल होता. बाहेर धूळ, आत स्वच्छ. तिनं तो गोल श्रीधरला दाखवला. "आधीच्या भाडेकरूचं असेल," तो म्हणाला. जेवताना त्यानं आणखी दोनदा वर, खिळ्याकडं पाहिलं आणि दोन्ही वेळा मग मोबाईल काढला.

३

संग्रहालयात दर सोमवारी चित्रांची तपासणी असे. बाजूनं तिरपा टॉर्च धरायचा आणि कागद कुठं फुगला, रंग कुठं सुटला ते बघायचं. स्क्रीनप्रिंटचा रंग कागदावर सायीसारखा जाड बसतो. तिरप्या उजेडात त्याची कड दिसते.

हळदीच्या रंगाच्या भिंतीवर, वरच्या बाजूला, बांगडीएवढी गोल कोरी जागा होती.

रंग गळाला असता तर कड फाटकी दिसली असती, चौकटीत कणी पडली असती. इथली कड धारदार होती. जाळीवर तेवढा भाग आधीच झाकलेला असावा तशी. म्हणजे रंग गेलेला नव्हता. तो तिथं कधी लागलाच नव्हता.

आपण हे आधी पाहिलं नसेल, असं तिनं स्वतःला बजावलं. रोजच्या चित्राकडं माणूस कुठं नीट बघतो? नवऱ्याकडं तरी कुठं बघतो?

दुपारी कॉलेजची पोरं आली. घामानं निथळत होती. खेळ काढायचा नाही असं तिनं ठरवलं होतं, पण तोंड सवयीचं गुलाम. शब्द निघून गेले. आणि एक टारगट पोरगा म्हणाला, "कूलर नाही ना मॅडम! नागपूरचं चित्र अन् कूलर नाही!" सगळे खदखदून हसले. तीही हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांपुढं तिच्या बैठकीतला कूलर आला. निळा पत्रा, एका बाजूनं गंजलेला, खिडकीत लोखंडी घोडीवर बसवलेला.

तिचं हसू तिथंच वाळलं.

४

घरात शिरताच कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास आला आणि तिचा जीव भांड्यात पडला. पण वासच तेवढा होता. खिडकी उघडी होती आणि तिच्यातून भट्टीसारखी झळ येत होती. घोडी उभी होती, रिकामी. तिच्यासमोर, बरोबर जिथं गार हवा लागावी तिथं, श्रीधर खुर्ची टाकून बसला होता आणि घामानं त्याचं बनियन अंगाला चिकटलं होतं.

"इथं काहून बसलास?"

"हवा येते," तो म्हणाला. मग स्वतःच खिडकीकडं बघत राहिला. "काय माहीत. इथंच बसतो मी."

"श्रीधर, आपला कूलर कुठं आहे?"

"घ्यायला पाहिजे एक," तो म्हणाला. "किती वर्षं बिनकूलरचे काढून राहिलो आपण."

नागपुरात बिनकूलरचं घर! ती न्हाणीघरात जाऊन डोक्यावर पाणी घेत बसली. ऊन लागलं की माणसाला भास होतात, हे खरं आहे. तिच्या आत्याला एकदा ऊन लागलं तेव्हा ती दोन दिवस मेलेल्या जावेशी बोलत होती. म्हणून अरुंधतीनं पर्समध्ये कांदा ठेवला, कैरीचं पन्हं घेतलं, तळपायांना कांद्याचा रस चोळला. पण कपाळ तिचं थंड होतं. आणि डोकं नको तेवढं चालत होतं.

घड्याळ हेडमास्तरांनी म्हटलं. कूलर त्या पोरानं म्हटला. त्यांच्याही घरी घड्याळ असेल, कूलर असेल. गेलं ते तिचं. का? कारण शब्द त्यांचा, पण आठवलं ते तिचं होतं. वस्तू नाही हे दिसायला ती आधी आठवावी लागते, हे ती स्वतःच रोज लोकांना पोपटासारखं सांगत नव्हती का?

तिनं आत डोकावलं. अबोली फरशीवर उघडी पडून झोपली होती, भिंतीला चिकटून, अर्धी सतरंजी मोकळी सोडून. ती नेहमी तशीच झोपायची. अरुंधती तिच्यापाशी बसून राहिली आणि पहिल्यांदा तिला खरी भीती वाटली. उद्या कोणी म्हणालं, ह्या चित्रात लेकरू नाही, तर?

५

"ते चित्र उतरवा म्हणता?" संग्रहालयाचे संचालक अपूर्व सर म्हणाले. "मॅडम, आपल्या पत्रकावर तेच छापलंय."

"रंग सुटतोय."

ते येऊन बघून गेले. त्यांना कुठं रंग सुटलेला दिसला नाही, आणि खरं म्हणजे सुटला नव्हताच. तेव्हा तिनं शेवटच्या दालनाचा एसी बिघडल्याचं सांगून दाराला कडी घातली, आणि संध्याकाळी महाल भागात मधुकररावांकडं गेली.

गल्लीतल्या दुमजली घरात ते वरच्या मजल्यावर राहत. तिला दारात बघून ते उठून उभे राहिले, पण या म्हणाले नाहीत. तीच आत जाऊन बसली.

"काकाजी, तुम्ही तो खेळ बंद करा म्हणाला होता. काहून?"

मधुकररावांनी तिच्याकडं पाहिलं नाही. त्यांना तिच्याकडं बघायची सवयच नव्हती. ती त्याला जुन्या वळणाचा सभ्यपणा समजायची. "काय गेलं?" त्यांनी विचारलं.

"घड्याळ. कूलर."

"वस्तू गेल्या तं जाऊ द्या. वस्तूचं काय."

"आणि माणसाचं कोणी म्हटलं तर?"

आतून त्यांची नात रीना चहा घेऊन आली. बारा-तेरा वर्षांची, उंच, हसरी. कपबशी ठेवून ती गेली. ती जाईपर्यंत म्हाताऱ्याची नजर तिच्या पाठीवरून हलली नाही.

"ऐनवेळी दुसरं कोणी आठवाचं," ते हळू आवाजात म्हणाले. "आपलं नाही. दुसऱ्याचं. जमते ते."

"तुमच्यावर आली होती अशी वेळ?"

"चहा घ्या. थंडा होऊन राहिला."

तिनं आणखी विचारून पाहिलं. ते चहाच घ्या म्हणत राहिले. ती निघाली तेव्हा मात्र त्यांनी कपाटातून संत्रा बर्फी काढली आणि कागदात दोन वड्या बांधल्या. अबोलीसाठी ते नेहमीच दोन देत.

"एक पुरते हो काकाजी. ती दुसरी खात नाही, नुसती ठेवून देते."

"दोन असू द्या," मधुकरराव म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला. "दोनच असू द्या, मॅडम." आणि त्यांनी घाईनं दार लावून घेतलं.

६

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापणारे नऊ दिवस, लागला आणि शहरातली उन्हाळी शिबिरं मैदानं सोडून सावली शोधू लागली. एक शिबिर संग्रहालयात आलं. अबोली त्याच शिबिरात होती. शेवटच्या दालनाला कडी आहे, ह्या भरवशावर अरुंधती निवांत होती. पहिल्या दालनातल्या हत्तींच्या चित्रांपाशी मुलं रमली होती.

प्रेमिलाताई तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्या मुलांच्या कार्यक्रमांचं बघायच्या आणि मौद्याहून रोज बसनं यायच्या. नवरा तिकडच्या वीज केंद्रात होता. लग्नाला पंधरा वर्षं झाल्यावर नवसासायासानं त्यांना एक मुलगी झाली होती, काजल. काजलशिवाय त्यांचं एक वाक्य पुरं होत नसे.

"हे पाहा मॅडम," त्यांनी पर्समधून हिरव्या रिबिनी काढल्या. "सीताबर्डीवरून घेतल्या. माह्या काजलले हिरव्याच पाहिजेत. लाल देल्या तं फेकून देते, बाई! दोन वेण्या घालाले बसली का अर्धा घंटा जाते."

"लाडावून ठेवलीय तुम्ही."

"एकच आहे वं माय. तिले नाही लाडवाचं तं कोनाले?" रिबीन बोटाभोवती गुंडाळत त्या हसल्या. "अन् तुमचं कामही करून ठेवलं म्या. त्या मांगच्या खोलीचा एसी पाहाले मानूस बलावला होता. तो म्हने एसीले काई झालंच नाही. खोली उघडून देली."

अरुंधती वळली. हत्तींपाशी कोणी नव्हतं. मागच्या दालनातून किलबिल ऐकू येत होती.

ती पळतच गेली. मुलं चित्रापुढं गोल करून उभी होती आणि मधोमध अबोली, आईचीच ऐट आणून, सांगत होती, "माझी आई विचारते, चित्रात काय नाही? मग आपण सांगायचं!" अरुंधतीला बघताच सगळी तोंडं तिच्याकडं वळली.

"पंखा नाही!"

"चला, बाहेर चला," अरुंधती ओरडली. पण पंखा म्हणताच पंखा डोळ्यांपुढं येणारच. तिनं जीव खाऊन बस स्टँडवरच्या उपाहारगृहातला पंखा आठवला. काळा, कळकट, कोणाचाच नसलेला.

"टीव्ही नाही!" दुकानाच्या काचेतला टीव्ही.

"मांजर नाही!" रस्त्यावरचं एक मांजर, कुठलंही.

जमत होतं. मधुकरराव खरं बोलले होते. तिच्या पाठीवरून घाम वाहत होता. ती एकेका मुलाला दाराकडं ढकलत होती, आणि कडेला उभी असलेली एक शांत पोर चित्राकडं बघून म्हणाली, "ह्याच्यात छोटी मुलगी नाही."

अबोली समोर उभी होती. केस विस्कटलेले, गालाला पेन लागलेला, आई का ओरडते ते न कळून बावरलेली. दारात प्रेमिलाताई आल्या होत्या आणि त्यांच्या बोटाभोवती हिरवी रिबीन होती.

पुढं कित्येक दिवस अरुंधती स्वतःला सांगणार होती की ते आपोआप झालं, रिबीन दिसली आणि मन तिकडं गेलं. पण ते खरं नव्हतं. तेवढ्या क्षणात तिला पुरेसा वेळ मिळाला होता. तिनं दोघींना समोरासमोर उभं केलं, आणि एकीला निवडलं. दोन वेण्या. हिरव्या रिबिनी. प्रेमिलाताईंनी मोबाईलवर दाखवलेल्या फोटोतले पुढचे पडलेले दात.

तिनं डोळे मिटून घेतले. उघडायचं धाडस होईना. मग एक घामट, ओळखीचा हात तिच्या हातात आला. "आई, काय झालं?"

अरुंधतीनं अबोलीला छातीशी धरलं आणि ती मोठ्यानं रडली. आनंदानं रडली. हे सांगायलाच हवं.

७

शिबिराच्या ताईंनी मुलांना डबे खायला बाहेर नेलं. अबोलीही गेली. प्रेमिलाताई दारातच उभ्या होत्या.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "ह्या रिबिनी कोनाच्या हायेत? माह्या हातात कशा आल्या?"

"तुम्हीच आणल्या ना. काजलसाठी."

"कोन काजल?"

"तुमची..."

"मॅडम, आमाले लेकरू कुठं आहे?" प्रेमिलाताई हसल्या. जुनं, सवयीचं झालेलं दुःख बोलताना बायका हसतात तसं. "किती नवस केले. देवानं देलं नाही. आता काय, वय गेलं." त्यांनी रिबिनी खिडकीच्या कठड्यावर ठेवल्या. दोन पावलं गेल्या, परत आल्या, आणि एक उचलून पुन्हा बोटाभोवती गुंडाळू लागल्या. "मऊ आहे," त्या म्हणाल्या. "असू दे माह्यापाशी." आणि रिबीन गुंडाळत, सोडत, परत गुंडाळत त्या निघून गेल्या.

अरुंधतीनं टॉर्च आणला.

चित्राच्या उजव्या कोपऱ्यात, गेरूच्या जमिनीवर, नवी कोरी जागा होती. लहान. वरच्या अंगाला दोन्हीकडं लोंबणाऱ्या दोन बारीक पट्ट्या. कड धारदार होती. रंग तिथं कधी लागलाच नव्हता.

तिला तोंड फिरवायचं होतं. पण टॉर्चचा उजेड थोडा पुढं सरकला होता आणि त्या जागेला लागूनच तो जुना पांढरा डाग होता, जो ती इतके दिवस उजेड म्हणून दाखवत आली होती. बंद खिडकीतून आलेला. आता कसं बघायचं ते तिला कळलं होतं. म्हणून ती बघत राहिली. खाली मांडी होती. वर किंचित झुकलेली मान होती. एक हात पुढं आलेला, ताटावर बसलेल्या लेकराचा असतो तसा.

तिनं टॉर्च विझवला. ह्या चित्राचं काम तिच्याकडं आलं त्या दिवसापासून तो डाग तिथं होता.

८

अबोलीला स्कूटीवर पुढं उभी करून ती घरी निघाली. वाटेत तिला वाटलं, प्रेमिलाताईंना काहीतरी द्यावं. उद्या देऊ. काय द्यायचं ते कळेना, म्हणून ती दुकानापाशी थांबली आणि संत्रा बर्फीच्या दोन वड्या मागितल्या. एक प्रेमिलाताईंसाठी. आणि एक काजलसाठी.

वड्या हातात आल्या तेव्हा ती त्यांच्याकडं बघत उभी राहिली.

दोन. दोनच असू द्या, मॅडम.

"आई, ऊन लागतं ना," अबोली म्हणाली.

घरी श्रीधर रिकाम्या घोडीपुढं खुर्ची टाकून बसला होता. अरुंधतीनं स्वयंपाक केला. काय केला ते तिला नंतर आठवलं नाही. मग ती ताटं काढायला गेली आणि आपला हात तिनं पहिल्यांदा नीट पाहिला. एक. दोन. तीन. आणि न थांबता, न चुकता, चार. तिचं माहेर काही भरल्या घराचं नव्हतं. ती, आई आणि बाबा. तिघंच होती ती. हे तिला जन्मभर ठाऊक होतं, आणि तरी ती रोज खोटं सांगत आली होती, आणि तिला ते खोटं वाटलं नव्हतं.

अबोली झोपताना अर्धी सतरंजी मोकळी सोडायची. दुसरी वडी न खाता ठेवून द्यायची.

चौथं ताट हातात धरूनच तिनं फोन लावला. पलीकडं मधुकररावांनी तो उचलला. त्यांच्या घरातला कूलर घरघरत होता.

"काकाजी," ती म्हणाली. तिला ओरडायचं होतं. त्यांचा गळा धरायचा होता. पण कुठल्या तोंडानं? दुपारची रिबीन तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. म्हणून तिनं तेवढंच विचारलं, जे त्या एकाच माणसाला माहीत होतं. "नाव काय होतं?"

"नूपुर," ते म्हणाले. "अबोलीहून मोठी. तुमच्यासारखी भराभर बोलायची. मले मधूआबा म्हणायची." आणि मग ते हुंदके देऊन रडू लागले. "रीनाच्याच वयाची होती, मॅडम. काय करू मी? सांगा तुम्ही, काय करू?"

अरुंधतीनं फोन ठेवला.

नूपुर, ती मनात म्हणाली. मग मोठ्यानं म्हणाली. आता काहीतरी आतून फुटून येईल म्हणून ती ओट्याला धरून उभी राहिली. एखादा चेहरा, एखादा फ्रॉक, दूध पिताना केलेला हट्ट. तिनं पुष्कळ वाट पाहिली. काही आलं नाही. तिनं ज्या पोरीला फोटोत पाहिलं होतं ती काजल तिला पडलेल्या दातांसकट आठवत होती, आणि जिला नऊ महिने पोटात वाढवलं ती कोण हे तिला ठाऊक नव्हतं. नाव चांगलं आहे, एवढंच तिला वाटलं. कोणाच्याही मुलीचं असू शकलं असतं.

तिनं चारी ताटं बाहेर आणली आणि मांडली.

श्रीधरनं घाम पुसला, भिंतीवरच्या खिळ्याकडं पाहिलं, मग ताटांकडं पाहिलं. "चार?" तो हसत म्हणाला. "कोणी येणार आहे का?"

अबोलीनं कागद सोडून एक वडी तोंडात टाकली. दुसरी तिनं चौथ्या ताटात ठेवली, कडेला, जिथं लिंबाची फोड ठेवतात तिथं.

"नाही," अरुंधती म्हणाली, आणि त्या ताटात भात वाढला.